किडीनं खाल्लेलं पान

कापडछपाईच्या कारखान्यात, नक्षीच्या खोलीतल्या खिडकीपाशी आत्यांचं टेबल होतं आणि टेबलावर बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा होता. नवीन आलेला माणूस बिस्किटांच्या आशेनं एकदा तरी त्यात हात घालायचाच, आणि हाताला लागायची जाड पुठ्ठ्याची कार्डं. एकावर मुंगी, एकावर शेवाळ, एकावर नाल्याकाठचा गोटा, एकावर कोळ्याचं अर्धं फाटलेलं जाळं. रोज सकाळी आत्या डोळे मिटून त्यातलं एक कार्ड काढायच्या, चहाच्या कपाला टेकवून उभं करायच्या आणि चहा संपेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायच्या. मगच पेन्सिल उचलायच्या. ह्या डब्यापायी त्यांनी एकदा धाकट्या मालकांशी उभा दावा मांडला, त्याची ही गोष्ट.

त्या आत्या होत्या भाचीच्या. भाची लहानपणी शाळा सुटली की कारखान्यात यायची, टेबलाखाली बसून अभ्यास करायची आणि दर दोन मिनिटांनी 'आत्या, हे सांग, आत्या, ते सांग' करायची. तेव्हापासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून थोरल्या मालकांपर्यंत सगळे त्यांना आत्याच म्हणू लागले. त्यांनीही कुणाला अडवलं नाही. कामाशी काम ठेवावं, नाव काहीही ठेवा, असा त्यांचा स्वभाव होता.

कार्डांची थट्टा मात्र त्यांना खपायची नाही. घडी घालायच्या विभागातली एक बाई एकदा जिना चढून वर आली आणि हळूच म्हणाली, "आत्या, पोरीचं लग्न कधी जमेल ते बघा ना."

"मी कुठे ज्योतिषी आहे?"

"काढा तर खरं."

आत्यांनी डबा तिच्यापुढे सरकवला. तिनं कार्ड काढलं. गोगलगाय आली.

"म्हणजे उशीर होणार का?"

"म्हणजे गोगलगाय. बघ तिच्याकडे थोडा वेळ."

"पण अर्थ काय ह्याचा?"

"अर्थ मला कळत असता तर मी इथे चादरींवर फुलं काढत बसले असते होय?"

बाई हिरमुसली, पण कार्ड हातात होतं म्हणून बघत राहिली. थोड्या वेळानं आपल्याशीच म्हणाली, "घर पाठीवर घेऊनच फिरते बिचारी. आमचीही तशीच. तिला लग्नाचं वावडं नाहीये हो, तिला आम्हाला एकटं टाकून जायचं नाहीये." आणि डोळे पुसत खाली गेली. आत्यांनी कार्ड डब्यात टाकलं. त्यांच्या मते कार्डाचं काम एवढंच. ते तुमच्यापुढे काहीतरी ठेवतं, बोलायचं तुम्हीच.

हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं ते भीतीतून. थोरल्या मालकांच्या काळात कारखान्यात गुलाब छापायचे. तांबडे गुलाब, पिवळे गुलाब, निळेसुद्धा गुलाब. आत्यांनी इतके गुलाब काढले होते की झोपेत हाताला कागद दिला असता तरी गुलाबच उमटला असता. मग एके दिवशी थोरले मालक म्हणाले, "लोकांना गुलाबाचा कंटाळा आलाय. काहीतरी नवं काढा." आत्या कागद घेऊन बसल्या आणि काही सुचेना. कागद कोराच राहायचा. आपल्याला गुलाबाशिवाय काही येतच नाही हे आता सगळ्यांना कळणार, ह्या विचारानं त्यांना रडू यायचं.

कारखान्यात यायच्या रस्त्याला एक लांबलचक ओली भिंत होती. एका सकाळी त्या तिथे थांबल्या. कधी नव्हे ते त्यांनी भिंतीकडे नीट पाहिलं. मुंग्या होत्या, शेवाळ होतं, कुठून तरी उगवलेलं एक रोप होतं. रंगांचे नमुने चिकटवलेली जुनी कार्डं कारखान्यात रद्दीत पडलेली असायची, त्यांची मागची बाजू कोरी असायची. त्यावर आत्या रोज एक वस्तू काढू लागल्या. ढीग झाल्यावर नियम आला. कार्ड डोळे मिटून काढायचं, कारण डोळे उघडे असले की माणूस आपल्या सोयीचंच उचलतो. आणि आलेलं कार्ड परत टाकायचं नाही. पहिल्याच दिवशी मुंगी आली. आत्यांनी चादरभर मुंग्यांची रांग काढली, लोकांनी तिला नावं ठेवली आणि ती चादर धडाधड खपली. थोरले मालक इतके खूश झाले की त्यांनी आत्यांच्या प्रत्येक कापडाच्या काठावर एक बारकी मुंगी छापायची परवानगी दिली. पुढे दुकानदार काठ उलटून मुंगी शोधायला लागले.

भाचीनं एकदा बाजारातून तसलीच तयार कार्डं आणली, चकचकीत, सोनेरी कडेची. एकावर मोर, एकावर धबधबा, आणि प्रत्येकाखाली एक वाक्य: तुमची भरभराट होईल, तुमचं मन निर्मळ आहे. आत्यांनी सगळी वाचली.

"ही सगळीच गोड बोलतात गं. ह्यांच्यात एकही कीड कशी नाही?"

"आत्या, कीड कोण विकत घेईल?"

"मग त्याला निसर्ग कशाला म्हणायचं? मिठाईचं दुकान म्हणा."

आता एक गोष्ट सांगायला हवी. आत्या नियमाच्या इतक्या पक्क्या, पण एका कार्डापुरता त्यांनी तो नियम वर्षानुवर्षं मोडला. भिंतीवरच्या त्या रोपाचं एक पान त्यांनी काढलं होतं, किडीनं खाल्लेलं, भोकाभोकांचं. काढलं होतं फार सुरेख. पण ते हाती आलं की आत्या इकडेतिकडे बघून त्याला डब्याच्या तळाशी सारायच्या आणि दुसरं काढायच्या.

कारण जुनं होतं. लहानपणी त्यांना कांजिण्या झाल्या आणि चेहऱ्यावर खळगे राहिले, गालांवर, कपाळावर, एक तर नाकाच्या शेंड्यावर. पुढे लग्न जुळवायची वेळ आली तेव्हा आईनं त्यांना फोटो काढायला नेलं. फोटोवाल्यानं बारीक ब्रश घेऊन एकेक खळगा बुजवला आणि आईला म्हणाला, "बघा, कशी लोण्यासारखी झाली." फोटो पाहून एका घरचा होकार आला. मंडळी भेटायला आली. मुलाच्या काकूनं हातातला फोटो बघितला, समोरची मुलगी बघितली, आणि विचारलं, "हा फोटो हिच्या बहिणीचा का?" नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. आत्यांच्या लग्नाला एकच आलं आणि तेवढं पुरलं. त्यानंतर त्यांनी फोटो कुणाला पाठवू दिला नाही.

काकूचा राग त्यांनी कधी धरला नाही. राग होता तो वेगळा. फसवणूक केली फोटोवाल्यानं, आणि घरातले सगळे वर्षभर बघत राहिले आत्यांच्या चेहऱ्याकडे, जणू गुन्हा त्या खळग्यांनीच केला. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि त्या दिवशी त्या मंडळींसमोर आपल्या तोंडून एक शब्द फुटला नाही, ह्याची चीड आत्यांना जन्मभर पुरली. आईनं हौसेनं चौकटीत बसवलेला तो फोटो मात्र अजून त्यांच्या बाहेरच्या खोलीत टांगलेला होता.

थोरले मालक थकले आणि धाकटे मालक खुर्चीवर बसले. माणूस वाईट नव्हता, पण उंटावरचा शहाणा होता. त्यांनी कॉम्प्युटर आणला, तयार नक्ष्यांचे संच आणले, आणि एक दिवस आत्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"आत्या, हल्ली ग्राहक वरती येतात. टेबलावर पत्ते मांडलेले दिसतात. भविष्य सांगायचं दुकान वाटतं. शनिवारी हा डबा घरी घेऊन जा."

"डबा गेला तर पेन्सिलही जाईल, मालक."

"धमकी देताय?"

"छे. छत्री नेली नाहीत तर भिजाल, असं सांगणं ही काय धमकी असते?"

धाकटे मालक हसले आणि गेले. शनिवार काही त्यांनी मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी डोळे मिटून कार्ड काढलं आणि नेमकं ते पान आलं. हात सवयीनं तळाशी गेला. तिथेच थांबला. शनिवारनंतर डबाच नसणार, मग आता हे कुणापासून लपवायचं? आत्यांनी पान वर काढलं, कपाला टेकवलं आणि चहा पार निवला तरी त्याच्याकडे बघत राहिल्या. कीड कशीही खात नाही हे त्यांना दिसलं. शिरा सोडते आणि मधला गर खाते. पान चाळणी होतं, पण उभं राहतं.

त्या आठवड्यात त्यांनी जे काढलं तसं आधी कधी काढलं नव्हतं. हिरव्या पानांच्या लांब वेली, आणि एकही पान अखंड नाही. कुठे टाचणीएवढी भोकं, कुठे मसुराएवढी, आणि प्रत्येक भोकातून मागचा पिवळा रंग उन्हासारखा दिसणारा. काठावर आपली मुंगी.

धाकट्या मालकांनी कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. "लोक म्हणतील, ह्यांच्या गोदामाला कसर लागली."

"म्हणू देत. छापून तर बघा. येत्या सोमवारी ते मोठे दुकानदार येतायत, त्यांना दाखवा. त्यांनी नाकारलं तर मी स्वतः डबा उचलीन. घेतलं तर डबा इथेच राहील, आणि पुन्हा कुणी त्याचं नाव काढायचं नाही."

"कबूल," धाकटे मालक म्हणाले. हरण्याची शंका त्यांना स्वप्नातही नव्हती. कागद त्यांनी खाली पाठवला, त्याचा फोटो घेऊन झाल्यावर परत मागवला आणि नक्षीच्या खोलीतल्या आपल्या खणात ठेवला.

खाली होते मास्तर. नक्षीचा फोटो पारदर्शक फिल्मवर काळा उमटतो, त्यावरून छपाईची जाळी बनते. फिल्मवर धूळ बसली असेल तर काळ्या भागात पांढरे ठिपके राहतात आणि तेच ठिपके पुढे कापडावर येतात. म्हणून मास्तर काचेखाली दिवा लावून बसायचे आणि बारीक ब्रशनं काळी शाई लावून एकेक ठिपका बुजवायचे. ह्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आपल्या हातून एक ठिपका सुटला नाही, हा त्या माणसाचा एकुलता एक अभिमान होता. मूळ कागद त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. पोचली ती फिल्म.

सोमवारी दुकानदार आले. लांब टेबलावर नमुन्याचं कापड उलगडलं गेलं. आत्या पुढे झाल्या आणि जागच्या जागी थिजल्या. पानं अखंड होती. एकूण एक पान गुळगुळीत, हिरवंगार, लोण्यासारखं. शेजारी मास्तर हात पुसत उभे होते, चेहऱ्यावर समाधान.

"फिल्म भलतीच धुळकट निघाली हो आत्या. अशी कधी बघितली नव्हती. मान मोडेस्तोवर बसलो, पण एक ठिपका ठेवला नाही."

त्यांच्यावर रागावणार तरी कसं?

"वा, झकास आहे," दुकानदार म्हणाले. त्यांनी काठ उलटून मुंगी बघितली. "आत्यांचंच दिसतंय. घेतो मी हे."

धाकटे मालक आत्यांच्या कानाशी वाकले. "जिंकलात. राहू द्या तुमचा डबा." त्यांनाही मनातून बरंच वाटत होतं, कारण अखंड पान आणि मोठी मागणी, दोन्ही साधलं होतं. आत्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायचं कसं, हे त्यांना चांगलं येत होतं. एकदा बसल्याच होत्या.

"हे पान माझं नाही," आत्या म्हणाल्या.

"आत्या दमल्यात जरा," धाकटे मालक घाईनं म्हणाले.

"मी दमलेली नाही. माझं पान किडीनं खाल्लेलं होतं. ह्याची भोकं बुजवली आहेत."

दुकानदार गोंधळले. "पण बाई, मला तर हेच आवडलं."

"आवडू दे की. खुशाल घ्या, चांगलं कापड आहे. फक्त काठावरची माझी मुंगी काढा. ती ह्या पानावर चढणार नाही."

दुकानदार गेल्यावर धाकट्या मालकांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला. जिंकलेली पैज कुणी अशी फेकून देतं का, ग्राहकासमोर कारखान्याची शोभा केलीत, आता तो डबा आत्ताच्या आत्ता उचला. आत्या शांतपणे आपल्या खुर्चीत बसल्या आणि डबा त्यांनी मांडीवर घेतला.

"पैज माझ्या पानावर होती. माझं पान अजून कुणी बघितलेलंच नाही. छापा, दाखवा, नाकारू देत. मग मी उचलते. तोवर हा डबा हलणार नाही, आणि त्याच्याखालची मीही हलणार नाही."

"आणि मी नाहीच छापलं तर?"

"तर पैज चालू. मला घाई नाही, मालक."

दारात नक्षीच्या खोलीतली सगळी माणसं जमली होती. हसायची कुणाची हिंमत नव्हती, पण जागचं हलतही कुणी नव्हतं. धाकट्या मालकांनी कागद ठेवलेला खण ओढला, तसाच आपटला आणि ते निघून गेले. तो अर्धा उघडाच राहिला.

मास्तर मात्र तिथेच उभे होते. खणातला कागद त्यांनी बाहेर काढून उजेडात धरला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आत्या, ही भोकं होती?"

"भोकंच होती, मास्तर."

"इतक्या वर्षांत मी एक चूक ठेवली नाही. आणि जी चूक नव्हतीच, ती दुरुस्त करून बसलो."

ते खाली गेले. फिल्म पुन्हा काचेवर टाकली, पातं घेतलं आणि स्वतःच्या हातानं लावलेली शाई ते एकेका भोकातून खरवडू लागले. बुजवण्यापेक्षा ते काम अवघड होतं, कारण पातं जरा घसरलं की पानच फाटणार. घडी विभागातली ती गोगलगायवाली बाई त्यांना चहा द्यायला आली तेव्हा तिनं विचारलं, "मालकांना विचारलंत का?"

"बुजवताना कुठे कुणाला विचारलं होतं?" मास्तर म्हणाले, आणि मान खाली घालून खरवडत राहिले. उरल्यासुरल्या कापडाच्या तुकड्यावर त्यांनी ती नक्षी छापली, काठावरच्या मुंगीसकट.

दुकानदार आपला माल न्यायला आले तेव्हा दोन्ही कापडं टेबलावर शेजारी शेजारी होती. दुसरं तिथे कुणी ठेवलं हे धाकट्या मालकांनी विचारलं नाही. मास्तर त्यांच्याकडे टक लावून बघत होते. दुकानदारांनी भोकावर बोट ठेवून कापड खरंच फाटलंय का ते चाचपलं. मग मागे सरून बघितलं, परत जवळ आले.

"ह्याला गिऱ्हाईक थोडं मिळेल," ते म्हणाले.

धाकट्या मालकांनी आत्यांकडे पाहिलं.

"पण मिळेल," दुकानदार पुढे म्हणाले. "थोडं द्या. दर्शनी काचेत लावून बघतो."

ते गेल्यावर धाकटे मालक म्हणाले, "हा काही होकार नव्हे, आत्या."

"नकारही नव्हे. नाकारलं तर उचलायचं ठरलं होतं." आत्यांनी डबा टेबलावर ठेवला, जिथे तो नेहमी असायचा तिथेच, आणि झाकण उघडलं. धाकट्या मालकांनी पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

त्या रविवारी दुपारी आत्यांनी बाहेरच्या खोलीतला तो फोटो भिंतीवरून उतरवला. चौकट उघडली, समोर आरसा उभा केला आणि सगळ्यांत टोकदार पेन्सिल घेऊन बसल्या. आरशात बघायच्या आणि फोटोवर एक खळगा काढायच्या. गालावरचा मोठा. भुवईजवळचे दोन, एकमेकांना चिकटलेले. नाकाच्या शेंड्यावरचा.

भाची आली आणि दारातच थांबली. "आत्या, अगं फोटो खराब करतेस?"

"दुरुस्त करतेय."

खळगे पुरे झाल्यावर आत्यांनी कात्रीनं फोटो कापला, बरोबर कार्डांच्या मापाचा, आणि मागून जाड पुठ्ठा चिकटवला. भाची बघत होती.

"हा डब्यात टाकणार? पण ती तर निसर्गाची कार्डं ना? त्यात तू कशी?"

"मग मी काय कारखान्यात छापून आले?"

मास्तर आता सकाळचा चहा घ्यायला वर येऊ लागले होते. आधी ते ह्या खेळाला हसायचे; आता तेही डोळे मिटून डब्यात हात घालायचे. कधी त्यांना शेवाळ यायचं, कधी गोटा. एका सकाळी तो फोटो आला. मास्तरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. एक तरुण मुलगी, सरळ समोर बघणारी, आणि चेहराभर ठिपके. मास्तरांचा हात सवयीनं खिशातल्या ब्रशकडे गेला.

"मास्तर," आत्या म्हणाल्या, "ब्रश राहू द्या. हे तयार आहे."

मास्तरांनी कार्ड कपाला टेकवून उभं केलं आणि चहा संपेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले.